पाच मिनिटांपुरते दुसऱ्याचे दार



रविवारच्या मिस्साला गर्दी झाली की गल्लीत गाड्यांची रांग लागते आणि एखादी गाडी कोणाच्या तरी फाटकापुढे उभी राहते. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “पाचच मिनिटे! आणि त्यांना कुठे बाहेर जायचे होते?” या उत्तरात एक प्रश्न दडलेला आहे. कोणाची प्रत्यक्ष अडचण झालीच नसेल, तर अन्याय झाला असे म्हणता येईल का?

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 122 नुसार, इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल किंवा होण्याचा संभव असेल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडता येत नाही. कलम 127 खाली असे वाहन पोलिसांना उचलून नेता येते. सार्वजनिक वाट अडवण्याबद्दल भारतीय दंड संहितेत 200 रुपयांपर्यंत दंड होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये तो 5000 रुपयांपर्यंत आहे. ‘होण्याचा संभव’ हे शब्द महत्त्वाचे. कोणी खरोखर अडकेपर्यंत कायदाही थांबत नाही.

नीतीही थांबत नाही. ऊन असताना शेजाऱ्याची छत्री न विचारता नेली, तर तो भिजला नाही म्हणून आपले वागणे योग्य ठरत नाही. फाटकाचेही तसेच. केव्हा बाहेर पडायचे हे घरच्यांनी ठरवायचे असते. ते आपण परस्पर ठरवून टाकतो. घरात आजारी म्हातारे माणूस असेल तर ती पाच मिनिटे किती मोठी होतील, हे गाडी लावणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. काचेवर फोन नंबर लिहून ठेवणे चांगलेच, पण परवानगी मागणे त्याहून वेगळे.

मात्र या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. घरमालकाचा हक्क ये-जा करण्याचा आहे. कुंपणालगतचा सार्वजनिक रस्ता त्याच्या मालकीचा नाही. स्वतःच ‘नो पार्किंग’ रंगवल्याने किंवा कुंड्या, दगड मांडल्याने तो आपला होत नाही. दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडण्याचा, तिला ओरखडे काढण्याचा अधिकारही कोणाला नाही. आधी मालकाला शोधावे. तो सापडला नाही तर वाहतूक पोलिसांना कळवावे.

ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा, अशा अर्थाने संत थॉमस अक्विनास यांनी न्यायाकडे पाहिले. यातला ‘स्थिर’ हा शब्द आम्हांला मोलाचा वाटतो. जागा भरपूर असताना आपण सगळेच न्यायी असतो. कसोटी लागते ती घंटा वाजलेली असताना आणि जागा सापडत नसताना.

मंदिरात आपण शेजारच्याला शांतीची खूण देत असतो, आणि त्याच वेळी बाहेरचा शेजारी आपल्या गाडीमुळे स्वतःच्याच दारात अडकलेला असू शकतो. तो कोणत्या धर्माचा आहे याने काही फरक पडत नाही. म्हणून गाडी थोडी दूर लावू या आणि चार पावले चालत येऊ या. अगदीच इलाज नसेल, तर आधी त्या घराची बेल वाजवून विचारू या. आणि नकार मिळाला, तर तो मानू या.