नक्षी आणि नीति

घरांत कोणती नक्षी असावी, हा केवळ रुचीचा प्रश्न असून नीतीशीं त्याचा संबंध नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. जॉन रस्किन याचें मत याच्या उलट होतें. १८४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘वास्तुकलेचे सात दीप’ या ग्रंथांत त्यानें सत्य हा एक दीप मानिला, आणि एका द्रव्यावर रंग फासून तें दुसरेंच द्रव्य असल्याचा भास उत्पन्न करणें ही लबाडी होय, असा निकाल दिला. आज मध्यमवर्गीय घरांत सागाच्या रेषा छापलेलीं सनमायकाचीं कपाटें, संगमरवरासारखी दिसणारी फरशी आणि उंबऱ्याशीं चिकटविलेली प्लास्टिकची रांगोळी यांची रेलचेल आहे. रस्किनचा निकाल ग्राह्य धरला, तर आपण सर्वच असत्याच्या घरांत राहतों, असें म्हणावें लागेल. हा आरोप कितपत टिकतो तें पाहूं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, अनुकरण म्हणजे असत्य नव्हे. पेशवाईतील वाड्यांचे लांकडी खांब सुरूच्या आकाराचे असत आणि कमानींतून लांकडी केळफुलें लोंबत. तीं तोडून भाजी करावी, असा मोह कोणा गृहिणीस झाल्याचें ऐकिवांत नाहीं. सुताराला झाडाची आठवण द्यावयाची होती, लांकूड लपवावयाचें नव्हतें.

सनमायकाचा न्याय निराळा, असें कोणी म्हणेल. तेथें राळेंत दाबलेला छापील कागद सागाची बतावणी करितो. परंतु फसतो कोण? विकणारा सांगतो, घेणारा जाणतो, पाहुणाही ओळखतो. जेथें कोणी फसत नाहीं, तेथें लबाडीचा गुन्हा शाबीत होत नाहीं. शिवाय ज्या कुटुंबास सागाची किंमत पेलत नाहीं, त्यास सत्याच्या नांवाखालीं बोल लावणें हा श्रीमंतांचा सोवळेपणा होय.

रांगोळीचें मात्र तसें नाहीं. कपाटाचें प्रयोजन कपडे ठेवणें. वरील रेषा खऱ्या कीं छापील, यानें त्यांत उणें येत नाहीं. रांगोळी पुसली जाणार हें ठाऊक असूनही ती रोज नव्यानें घातली जाते. तिचें प्रयोजन घालण्यांतच आहे. चिमटीतून पडलेल्या कणांचा खरखरीत पोत, हात सावरून जुळविलेले ठिपके, एखादी चुकलेली रेघ, हीं येणाऱ्यास सांगतात कीं, आज सकाळीं या दारापाशीं कोणी तरी ओणवें झालें होतें. चिकटविलेल्या रांगोळींत आकृति राहते आणि हें वर्तमान निघून जातें. म्हणून आमच्या मतें कपाट निर्दोष आहे; उंबरा मात्र कांहीं तरी गमावून बसला आहे.

पण हा निवाडा देतांना एक प्रश्न टाळतां येत नाहीं. तें ओणवें होणें आजवर कोणाच्या वांट्यास आलें? हस्तकौशल्याचा थोर कैवारी विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याच्या घराण्याची संपत्ति डेव्हन परगण्यांतील ज्या खाणींतून आली, तेथें सोमल निघे; तो स्वतः कांहीं वर्षें त्या कंपनीचा संचालक होता, आणि त्याच्या भिंतकागदाच्या हिरव्या रंगांतही सोमल आढळला आहे. सौंदर्याचा पुरस्कर्ता त्याचें मोल कोण चुकवितो हें विसरूं शकतो, याचें हें उदाहरण होय. आमच्याकडे सकाळच्या गाडीला निघणाऱ्या गृहिणीनें रांगोळी चिकटविली, तर परंपरा बुडाल्याची हळहळ बहुधा वर्तमानपत्र वाचीत बसलेला पुरुषच व्यक्त करितो. त्या हळहळीस नैतिक अधिकार हवा असेल, तर त्यानें वर्तमानपत्र बाजूस ठेवून स्वतः उंबऱ्यापाशीं बसावें. त्याची पहिली रेघ बहुधा वांकडी येईल. ती तशीच राहूं द्यावी.