भीत भीत, पण प्रभूबरोबर

(प्रेषितांचीं कृत्यें 18:1-11, 1 करिंथ 2:3)

लहानसें दुकान घालावें असें मनांत येतें, आणि लागलीच भय विचारतें: गिऱ्हाईक न आलें तर? कर्ज न फिटलें तर? लोक हंसले तर? हें भय आम्हांसही ठाऊक आहे.

क्लौद्य कैसराच्या हुकुमानें अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांस रोम सोडावें लागलें. करिंथासारख्या परक्या शहरीं तीं तंबू करण्याचा आपला धंदा करीत होतीं. पौलही त्यांच्या घरीं राहून तेंच काम करूं लागला. त्या शहरीं आपण अशक्त व भयभीत होतों, हें त्यानें पुढें करिंथकरांस लिहितांना लपविलें नाहीं. प्रभूनें रात्रीं दर्शन देऊन त्यास आपल्या सोबतीचें आश्वासन दिलें, श्रीमंतीचें नव्हे. तेवढ्यावर तो तेथें दीड वर्ष टिकला.

म्हणून भय गेल्यावर आरंभ करूं, असें आम्ही म्हणूं नये. आधीं बसून खर्च मांडावा, ऐपतीबाहेर कर्ज काढूं नये, विश्वासू सोबती पाहावा, वजनमाप खरें ठेवावें आणि प्रार्थना करून दार उघडावें.

मंडळीनें अशा बंधूस हंसूं नये. त्याचें पहिलें गिऱ्हाईक तिनेंच व्हावें, आणि तेंही रोखीचें.