गाभाऱ्यातली शस्त्रे आणि कोनसमुद्रमची मूस

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात, अंगीठासाहिब या गाभाऱ्यात, गुरू गोविंदसिंगांची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत: सोन्याची कट्यार, तोड्याची बंदूक, पस्तीस बाणांचा भाता, दोन धनुष्ये, रत्नजडित पोलादी ढाल आणि पाच सोनेरी तलवारी. १७०८ साली गुरूंचे देहावसान इथे झाले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. शस्त्रांचे दर्शन हा इथल्या नित्यक्रमाचाच भाग आहे. शीख पंथाने मूर्तिपूजा नाकारली, मग इथे मस्तक झुकते ते कशापुढे? गुरूंचा हात लागला म्हणून, हे सोपे उत्तर. पण हात घोड्याच्या लगामालाही लागला होता आणि दौतीलाही. दुसरे उत्तर जास्त वजनाचे आहे: ही शस्त्रे अन्यायाविरुद्ध उचलली गेली. औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनाम्यात गुरूंनी तलवारीला अट घातली आहे. बाकीचे सगळे उपाय खुंटल्यावरच ती उपसणे रास्त. हिंसेची पूजा कशाला, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर पुरावे. मात्र ही अट माणसावर आहे, लोखंडावर नाही. शिवाय खालशाच्या मनगटातले कडे कोणाला कापत नाही आणि अमृत ज्या बाट्यात ढवळले जाते तो बाटाही लोखंडाचाच. लढाईने सगळ्याचा उलगडा होत नाही.

आपल्याकडे देवपूजेची भांडी तांब्याची, चांदीची, फार तर पितळेची. लोखंड हा शनीचा धातू; ते दान करून टाकायचे, देव्हाऱ्यात आणायचे नाही. १६९९ साली आनंदपुरात खालशाची स्थापना करताना गुरूंनी नेमका हाच धातू उचलला. त्या दिवशी ज्या पाच जणांनी शीर देऊ केले त्यांत एक धोबी-छिप्यांपैकी, एक पाणी वाहणारा आणि एक न्हावी होता. हा न्हावी, भाई साहिबसिंग, बिदरचा, म्हणजे आपल्या उदगीरचा शेजारी. उतरंडीतला खालचा धातू आणि उतरंडीतली खालची माणसे एकाच विधीत वर आली, हा योगायोग मानणे जड जाते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मूळ द्रव्य समजावताना माती आणि सोन्यानंतर लोखंडाचा दाखला देतो, आणि त्यासाठी तलवार घेत नाही, नखे काढायची नराणी घेतो. नराणी हे न्हाव्याचे हत्यार. ती काय आणि खड्ग काय, उद्दालकाच्या लेखी नावे वेगळी, द्रव्य एकच. मराठी घरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. खंडेनवमीला तलवार असलेल्या घरात तलवार पुजली जाते आणि लोहाराच्या घरात घण, ऐरण, सांडशी आणि भाता.

म्हणून माझे म्हणणे असे की, लोखंड पवित्र मानायचे तर त्याची घडणही त्या पावित्र्यात धरावी लागते. धारेपाशी थांबता येत नाही. नांदेडखालून वाहणारी गोदावरी पुढे निजामाबादच्या मुलखात शिरते. तिथे कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. नांदेडसारखेच तेही पूर्वी निजामाच्या राज्यातले. दमास्कसच्या म्हणून जगभर गाजलेल्या पात्यांचे पोलाद ज्या गावांतून जाई, त्यांतले हे एक. भाताचा कोंडा मिसळलेल्या मातीची मूस, तिच्यात लोखंडाचे तुकडे, वरून झाकण लिंपलेले, आणि मग कोळशाच्या भट्टीवर रात्रंदिवस चालणारे भाते. मूस हळूहळू निवली की फोडायची. आत पोलादाची वडी. ती इतकी तिखट की, जरा जास्त तापवून घण घातला तर तुकडे उडत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूशास्त्रज्ञाने हे काम पाहून लिहून ठेवले, आणि इस्फहानचा एक व्यापारी तिथे स्वतः येऊन माल पारखून घेत असल्याचेही नोंदवले. पुढे विलायती पोलाद स्वस्तात आले आणि भट्ट्या विझल्या. २०१० साली बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडचे एक्झेटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणात पाहणी केली, तेव्हा गावोगाव मळीचे ढीग आणि मुशींची खापरे सापडली. कंधार, औसा, उदगीर इथले किल्ले आपण ऐतिहासिक स्थळे म्हणून पाहायला जातो. उदगीर म्हटले की १७६० ची लढाई आणि सदाशिवरावभाऊ आठवतात. मळीच्या ढिगाकडे कोणी सहल नेत नाही.

यावर पहिला आक्षेप निघेल तो पुराव्याचा: गुरूंची शस्त्रे कोनसमुद्रमच्या पोलादाची आहेत, हे कोणी सिद्ध केले? कोणीही नाही, आणि मला तसा दावाही करायचा नाही. पोलाद कुठले का असेना, कुठल्या तरी भट्टीपुढे कोणीतरी घाम गाळल्याशिवाय ते झाले नाही, एवढे पुरे. दुसरा आक्षेप असा की, भट्टीवाल्याला मजुरी मिळाली, त्याच्या मनात धर्म नव्हता, आणि त्याचे पोलाद जुलमी सुभेदाराच्या कमरेलाही लटकले असेल. हे खरे आहे. तरी मजुरी मिळाली म्हणून काम धर्मबाह्य ठरत असेल, तर मंदिराचा पाथरवट आणि पोथी उतरवणारा लेखकही बाहेर काढावा लागेल. वापराचे पाप-पुण्य वापरणाऱ्याचे, घडणीचा कस घडवणाऱ्याचा. दोन्ही हिशेब वेगळे ठेवता येतात.

सर्वांत अवघड आक्षेप उद्दालकाच्याच बाजूने येतो. सगळे लोखंड एकच असेल तर अंगीठासाहिबातली ढाल आणि भंगारातला पत्रा यांत फरक तो काय, आणि मग दर्शनाला तरी कशाला जायचे? इथे मला उपनिषदापेक्षा नांदेडची परंपरा अधिक शहाणी वाटते. ती ढाल वेगळी काढून ठेवते, कारण माणसाला एकदम सगळ्याचा आदर करता येत नाही. आणि त्याच वेळी प्रत्येक शिखाच्या मनगटात साधे लोखंडी कडे घालून तो आदर एका ढालीपुरता राहू देत नाही. त्या पाच तलवारी सोनेरी आहेत, हे मात्र खटकते. भक्तीच्या भरात आपण लोखंडावर पुन्हा सोने चढवतो. एखाद्या दालनात अशा पात्याशेजारी कोंड्याचे ठसे उमटलेले मुशीचे खापर मांडले आणि खाली गावाचे नाव लिहिले, तर भाविकाची श्रद्धा त्याने कमी होईल असे मला वाटत नाही.