पश्चिम दिशा आणि उत्तर दिशा

उपासक-उपासिकांनो,

सिगालोवाद सुत्ताची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी विहारात ऐकली असेल. राजगृहात सिगाल नावाचा एक गृहस्थपुत्र राहत होता. पहाटे उठून, ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी तो सहा दिशांना हात जोडी. बापाने मरताना सांगितले होते, म्हणून जोडी. का जोडायचे, ते त्याला ठाऊक नव्हते. तथागतांनी त्याला समजावले की आर्यांच्या धम्मात दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र. या माणसांशी नीट वागणे हेच त्या दिशांचे पूजन.

पश्चिम दिशेविषयी तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली. पत्नीचा मान राखावा, तिची अवहेलना करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, ऐपतीप्रमाणे तिला वस्त्रालंकार द्यावेत. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही कर्तव्ये आज आपल्या किती घरांत पाळली जातात? आपण भिंतीवरचे देव उतरवले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरात बुद्धवंदना सुरू केली. पण दारू पिऊन आलेला नवरा बायकोला मध्यरात्री घराबाहेर काढतो, तेव्हा त्या घराची पश्चिम दिशा ढासळलेली असते. वंदना म्हटल्याने ती उभी राहत नाही.

आणि ती ढासळली म्हणजे उत्तर दिशेची परीक्षा सुरू होते. त्याच सुत्तात खऱ्या मित्राची लक्षणे दिली आहेत. भ्यालेल्याला तो आसरा देतो, संकटात सोडून जात नाही. आज या मित्राविषयी लिहायचे आहे, आणि त्याआधी माझी स्वतःची एक चूक कबूल करायची आहे.

मी शाळामास्तर. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वस्तीतली माणसे सरकारी कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात आणि त्याचा मला अभिमान वाटे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई असाच एक कागद घेऊन आली. म्हणाली, "गुरुजी, एवढं वाचून सांगा." कुटुंब न्यायालयाचे समन्स होते. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता. मी तारीख वाचून दाखवली आणि वर शहाणपण सांगितले, "बाई, वकील लावावा लागेल. पैसा फार जाईल. त्यापेक्षा आपसांत मिटवा." तिने कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि गेली. तारखेला ती कोर्टात गेली नाही. वकील नाही तर जाऊन काय करायचे, असे तिला वाटले, आणि ते माझ्या बोलण्यावरून वाटले. दावा एकतर्फी निकाली निघाला.

पुढे एका शिबिरात एका वकिलाचे भाषण ऐकले, तेव्हा मला कळले की त्या बाईला एक पैसाही न देता वकील मिळाला असता. मी तिला तालुक्याच्या विधी सेवा समितीत नेले. फुकट मिळालेल्या वकिलाने एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्ज केला. तिचे म्हणणे अखेर ऐकले गेले, पोटगीही मिळाली. पण मधली दोन वर्षे गेली, ती गेलीच. त्या काळात तिचा मुलगा शाळा सोडून कामाला लागला. हजेरीपटावरचे त्याचे नाव मी माझ्या हाताने कमी केले. पदवी असून मी अज्ञानी होतो, आणि माझ्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली.

म्हणून पुढचे नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

1976 साली राज्यघटनेत 39-अ हे कलम आले. पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, म्हणून राज्याने मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे, असे ते सांगते. त्याला अनुसरून 1987 साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, प्रत्येक बालकाला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो का, असे काही जण विचारतात. जात नाही. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला. आणि स्त्रीला तर ती कोणत्याही धर्माची असो, स्त्री म्हणूनच हा हक्क आहे.

दुसरी शंका लग्नाची. आमचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले, मग कोर्ट ते ऐकेल का? 1955 चा हिंदू विवाह कायदा त्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. नाव हिंदूचे असले तरी त्यातल्या घटस्फोटाच्या आणि पोटगीच्या तरतुदी आपल्या भगिनींनाही उपयोगी पडतात. ज्या हिंदू कोड बिलाची वाताहत होताना पाहून परमपूज्य बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, त्याच बिलातले पुष्कळ काही पुढे या कायद्यात आले. मात्र लग्नाची नोंदणी जरूर करून घ्या. पुराव्याचा प्रश्न आला म्हणजे तोच कागद कामी येतो. आणि नोटरीपुढे स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीला न्यायालयाचा हुकूमनामा समजून फसू नका.

आता कुटुंब न्यायालयाविषयी. 1984 च्या कायद्याने ही न्यायालये झाली. पक्षकारांनी आपली गोष्ट आपल्या तोंडाने साध्या शब्दांत सांगावी, वाद आधी समजुतीने मिटावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून तेराव्या कलमाप्रमाणे तिथे वकील देणे हा कोणाचाही हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते. हेतू चांगला आहे. पण ज्याच्याजवळ पैसा असतो तो परवानगी घेऊन वकील उभा करतो, आणि निरक्षर बाई एकटी उभी राहते. हे अंतर बुजवण्यासाठी विधी सेवेचे वकील आहेत, आणि आपल्या वेळातून वेळ काढून विनामोबदला मदत करणारे स्वयंसेवी वकीलही आहेत. केंद्र सरकारच्या न्याय विभागाची 'न्याय बंधू' योजना अशा वकिलांची गाठ गरजूंशी घालून देते.

जायचे कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तिथला माणूस लिहून घेतो. समन्स, आधार कार्ड, लग्नाचा व मुलांच्या जन्माचा काही पुरावा असेल तो सोबत न्या. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च पक्षकारावर पडत नाही. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले किंवा काम केले नाही, तर त्याच कार्यालयात तक्रार करा, दुसरा वकील मागता येतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पोटगीचा अर्ज स्त्रीला ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करता येतो. नवऱ्याच्या गावाला खेपा घालण्याची गरज नाही. दुसरे असे की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी आणि दोघांनीही आपल्या मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले आहे. म्हणजे अर्जाला जेवढा उशीर, तेवढे नुकसान.

त्या प्रतिज्ञापत्रात पगार लपवणाऱ्या उपासकाला मला विचारायचे आहे: दर पौर्णिमेला खोटे न बोलण्याचे शील तू कोणासमोर घेतोस? आणि रागाच्या भरात खोटा आरोप लिहून देणाऱ्या भगिनीलाही हाच प्रश्न आहे. मोफत मिळालेला वकील सत्य मांडण्यासाठी आहे.

काही वडीलधारी म्हणतात, घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? विहारात बसून मिटवू. समेट झाला तर आनंदच आहे. पण संघातले वाद मिटवण्याच्या ज्या सात रीती विनयात सांगितल्या आहेत, त्यांतली पहिली सम्मुखविनयाची आहे. ज्यांचा वाद त्यांच्या समक्ष, धम्माला आणि नियमाला धरून निर्णय व्हावा, अशी ती रीत. ज्या बैठकीत दहा पुरुष बोलतात आणि बाई पदर तोंडाला लावून दाराआड उभी असते, तो समेट नव्हे. ती आपण मागे टाकून आलेली जातपंचायतच आहे.

काहींना वाटते, फुकटचा वकील म्हणजे भीक. नाही. ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. हक्क मागताना मान खाली घालायची नसते.

शिकलेल्या तरुणांनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. वकील झालेल्यांनी महिन्यातला एक दिवस तरी अशा पक्षकारासाठी राखावा. जे वकील नाहीत त्यांना विधी सेवेत विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. अर्ज लिहून देणे, कार्यालयापर्यंत सोबत जाणे हे त्यांचे काम. तेही जमत नसेल तर येत्या पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर तालुका समितीचा पत्ता आणि 15100 हा क्रमांक तरी लिहा. आणि कोणी बाई कागद घेऊन दाराशी आली, तर माझ्यासारखी फक्त तारीख वाचून दाखवू नका. तिच्याबरोबर चार पावले चाला. उत्तर दिशेचे पूजन ते हेच.

नमो बुद्धाय! जय भीम!