हात कशानं मळतात?

आपल्या समाजात धंद्यांची एक न लिहिलेली उतरंड आहे. किराणा, कापड, अडत, सराफी हे वरचे. डॉक्टर, सीए, कॉम्प्युटरवाले त्याहून वरचे. लोखंड विकणारा चालतो, लोखंड तापवणारा चालत नाही. ‘हात काळे होणारं काम आपलं नव्हे’, असं आपण मुलांना सांगत आलो. का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं: अग्नीचं काम, त्यात हिंसा फार. उत्तर खोटं नाही. पण ते पुरेसं आहे का, एवढंच मला बघायचं आहे.

प्रश्न आमच्या घरातलाच आहे. माझ्या बहिणीचा मुलगा हुमनाबादला हायवेलगत गाड्यांचं वर्कशॉप चालवतो. डिप्लोमा झालाय, एकतीस वर्षांचा आहे, निर्व्यसनी आहे. स्थळं येतात, ‘मुलगा काय करतो?’ विचारतात आणि ‘वेल्डिंग’ हा शब्द ऐकला की चहा पिऊन उठतात. बहीण त्याला म्हणते, “बाबा, त्यापेक्षा स्पेअर पार्टचं दुकान टाक. सुखानं लग्न होईल.”

मागे मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तो एका जुन्या पेट्रोल गाडीसाठी ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड घडवत होता. मूळचा तडकला होता आणि बाजारात तसा मिळत नव्हता. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला श्वास पुरवणारी नळ्यांची जुडी. हवा आधी एका पेटीत येते, तिथून चार नळ्यांनी चार सिलिंडरांत जाते. पंगतीत एकाला जास्त, एकाला कमी वाढलेलं चालत नाही, तसंच इथेही. म्हणून नळ्या मापानं सारख्या कापायच्या.

हा धातू मोठा फसवा, असं तो सांगत होता. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे वरची साय घट्ट आणि खाली दूध उतू चाललेलं! लोखंड तापलं की लाल होऊन सावध तरी करतं. हे लाल होत नाही, एकदम ढासळतं. म्हणून आधी ॲसिटोननं पुसायचं, मग स्टीलच्या ब्रशनं घासायचं. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमचा. लोखंडाला लागला की बाद. मुनींच्या आहारासाठी आपण चौक्यातली भांडी वेगळी ठेवतो, तेच मला आठवलं. जाड फ्लँज उष्णतेनं वाकडा होऊ नये म्हणून तो लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळायचा. मग आर्गॉन वायूच्या आवरणात सांधा भरायचा.

सगळं झाल्यावर त्यानं नळ्यांच्या आत उतरलेली धातूची कड घासून गुळगुळीत केली आणि कीस धुऊन काढला, कारण एखादा कण राहिला तर तो थेट इंजिनात जायचा. मग तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. एका ठिकाणी बारीक बुडबुडा आला. त्यानं तो सांधा खरवडून पुन्हा भरला.

“एवढ्याशा बुडबुड्यासाठी?” मी म्हटलं.

“मावशी, तिथून चोरून हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टनसुद्धा जळू शकतो. गाडी रात्री घाटात बंद पडली तर आत माणसं असतात की.”

आता शास्त्राकडे वळू. श्रावकानं टाळायच्या पंधरा व्यवसायांची यादी आपल्याला ऐकून माहीत असते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात ती दिली आहे. तिच्यात अंगारजीविका आहे, म्हणजे भट्टी-लोहारकीची उपजीविका. शकटजीविकाही आहे: गाड्या आणि गाड्यांचे भाग घडवणं, हाकणं आणि विकणं. ‘विकणं’ हा शब्द आपण सोयीनं गाळतो. भाग घडवणारा भाचा आपल्याला खटकतो, तेच भाग विकणारा दुकानदार मात्र पंचकमिटीत बसतो!

दुसरीकडे, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानायचा, ते जिनसेनाचार्य आदिपुराणात सांगतात की भगवान ऋषभदेवांनी लोकांना जगण्यासाठी सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. इतक्या जवळची ही परंपरा. तिच्यातलं वाणिज्य आपण धरून ठेवलं आणि शिल्प दुसऱ्यांवर सोडून दिलं. बिदरचे कारागीर जस्त-तांब्याचा रस ओतून, चांदीची तार ठोकून भांडी घडवतात. ती आपण आहेरात देतो, काचेच्या कपाटात मांडतो. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली. तेही भट्टीचंच काम. वस्तू दिवाणखान्यात चालते, घडवणारा हात मात्र आपल्या घरातला नको!

अग्नीत हिंसा नाही, असं मी म्हणत नाही. ती आहेच. म्हणून तर गृहस्थाच्या उद्योगी आणि आरंभी हिंसेचा वेगळा विचार आपल्याकडे झाला. पण मैत्रिणींनो, आपलं सारं आयुष्य चुलीपाशी गेलं. पाणी गाळून घेणं, धान्य निवडणं, शेगडी झटकून मगच पेटवणं, हा यत्नाचार आपण सासू-आईकडून शिकलो. उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मुळाशी धरला आहे. सावधपणानं आपला स्वयंपाक शुद्ध होतो, तर टेबल झटकून मग आर्क पेटवणाऱ्याचं काम तेवढं अशुद्ध कसं?

यावर कोणी म्हणेल, पण गाड्यांचा वेग, धूर, हौस? हा आक्षेप खरा आहे. जास्त वेगासाठी मोठा मॅनिफोल्ड मागणारी पोरंही त्याच्याकडे येतात. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. पण तो नाही म्हणतो ते तेवढ्यासाठी नव्हे. त्याला ती पोरं घरी पोचायला हवी असतात. अशा कामाला पैसे चांगले मिळतात, हेही इथे सांगायला हवं. काय घडवायचं नाही हे रोज ठरवावं लागतं, आणि ते किराणा दुकानदारालाही चुकलेलं नाही.

म्हणून मुली असलेल्या आयांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलगा काय करतो, हे जरूर विचारा. त्यानंतर आणखी एक चौकशी करा: गिऱ्हाइकाला दिसत नाही त्या जागी तो काम कसं करतो? वेल्डिंग करणाऱ्याची ती करा, आणि तराजू धरणाऱ्याचीही.