भिंतीवर टांगलेले घर

गेल्या पुनरुत्थानकाळात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. भंडारा शहराची वस्ती विरळ होत जाऊन धानाच्या बांध्या जिथे सुरू होतात, तिथे हे घर उभे राहिले आहे. थोरला मुलगा पुण्याला संगणकाच्या व्यवसायात आहे. ज्या आईवडिलांनी उभे आयुष्य मातीच्या घरात काढले, त्यांना उतारवयात सुखाचे छप्पर लाभावे, या हेतूने त्याने ते बांधले. हेतू उत्तम होता आणि घरही देखणे झाले होते. भिंतींना दुधाळ पांढरा रंग, लाकूड चकाकी न देता मूळच्या रंगात राखलेले, सिमेंटच्या स्लॅबवर शोभेपुरती चढवलेली कवेले, खिडक्यांना जाडेभरडे सुती पडदे. कुठे भडकपणा नाही, कुठे वस्तूंची गर्दी नाही. बैठकीच्या एका भिंतीवर बैलगाडीचे जुने चाक, दुसऱ्या भिंतीवर सूप आणि टोपली. कोपऱ्यात जाते आणि जात्यावर हिरव्या रोपाची कुंडी. कंदिलात विजेचा पिवळा दिवा. परदेशातील शेतघरांची चित्रे पाहून आपण ही रचना केली, असे मुलाने आम्हांस उत्साहाने सांगितले. या पद्धतीला ‘फार्महाऊस’ सजावट म्हणतात, हे ज्ञानही आम्हांस तेव्हाच झाले.

खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडीत आम्ही मागच्या दारी आलो. तिथे पाण्याच्या टाकीला टेकून एक बाज उभी करून ठेवली होती. निळ्या नायलॉनच्या पट्टीने विणलेली, मधोमध थोडी सैल पडलेली. ती घरधन्याची होती. जुन्या घरी ती ओसरीत, आमच्या झाडीपट्टीत जिला सपरी म्हणतात तिथे, कायम टाकलेली असे. आम्हीही तिच्यावर अनेकदा बसलो होतो. नव्या सपरीत तिला जागा पुष्कळ होती. पण निळा रंग तेवढा जुळत नव्हता. म्हातारबा आमच्या मागोमाग आले होते. हसत हसत म्हणाले, “ज्या घरातून निघासाठी जिंदगीभर घाम गाळला, तेच घर पोरानं भिंतीवर टांगलं, फादर. अन् माही बाज मागं ठेवली.”

ते हसले, आम्हीही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर ते वाक्य आमच्या मनातून जाईना. त्या मुलाने उधळपट्टी केली नव्हती, बडेजाव मिरवला नव्हता. आम्ही व्यासपीठावरून ज्या साधेपणाचा उपदेश करतो, तोच त्याने भिंतीभिंतीवर उतरवला होता. मग चुकले कुठे? साधेपणा विकत आणून घरात मांडता येतो काय? आणि मांडलेला साधेपणा हा साधेपणाच राहतो काय?

दुसऱ्याच्या घराचा न्याय करण्यापूर्वी आपल्या घरात डोकावावे, हा शहाणपणा आम्हांस घरी पोहोचल्यावर सुचला. आमच्याही कार्यालयाच्या भिंतीवर एक सूप टांगलेले आहे. धर्मग्रामाच्या निवासाची डागडुजी झाली, तेव्हा भिंत ओकीबोकी वाटली म्हणून बुरडाकडून मुद्दाम आणवलेले. एकदा एक वृद्ध विधवा मिस्साची विनंती घेऊन आली असता तिने ते उतरवून हातात घेतले, विणीवरून बोटे फिरवली आणि विचारले, “फादर, हे तर कोरंच आहे. पाखडासाठी काहून नाही घेत?” आम्ही काहीतरी उत्तर दिले. आज कळते, ते उत्तर नव्हते. तिच्या घरी नवे सूप घ्यायचे की जुन्यालाच ठिगळ लावायचे, हा प्रश्न असेल. आणि आम्ही मात्र ती वस्तू खिळ्याला लटकावून बसलो होतो.

आधी मातीच्या घराविषयी खरे बोलले पाहिजे. त्याची ऊब आम्ही जाणतो. जाड भिंतींमुळे वैशाखातही आत गारवा असे. सारवलेल्या जमिनीचा, पहिल्या पावसाच्या मातीचा, माळ्यावरच्या धानाचा गंध आमच्याही स्मरणात आहे. परंतु ते घर राखणाऱ्या हातांच्या स्मरणात काय आहे? दर काही दिवसांनी शेणामातीने सारवणे, पावसाळ्यानंतर पोपडे धरलेल्या भिंती लिंपणे, सणापूर्वी पांढऱ्या मातीचा हात फिरवणे, ही सारी कामे स्त्रियांची. वानरांनी फोडलेली कवेले दरवर्षी मृगापूर्वी फेरावी लागत. नाही फेरली तर रात्रभर गळणाऱ्या पाण्याखाली भांडी मांडीत बसावे लागे. विंचू-सर्पाचे भय वेगळेच. ज्या माउलीने पहाटे उठून जाते ओढले, तिला तेच जाते कुंडीखाली पाहून गहिवर येईल की खांदे दुखू लागतील, हे आपण तिलाच विचारायला हवे. आज गावोगावी मातीची घरे पाडून लोक घरकुल योजनेतील सिमेंटच्या दोन खोल्या बांधीत आहेत, म्हणून आम्ही शिकलेली माणसे हळहळतो. ती हळहळ अगदीच खोटी नव्हे. पण जो गळक्या छपराखाली झोपलेला नाही, त्याला ती स्वस्त पडते. नाइलाजाने आलेली गरिबी हा सद्गुण नव्हे. ऐपत असताना हात आखडता घेणे, हा सद्गुण होय. आणि त्या दोहोंना एकाच रंगात रंगवणे हा गरिबावर अन्याय होय.

संत थॉमस अक्वायनस यांनी बाह्य वेषभूषेतील मर्यादेचा विचार आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात केला आहे. दोष वस्तूत नसतो, ती वापरणाऱ्याच्या आसक्तीत असतो, असे ते सांगतात. त्याच ठिकाणी ते संत ऑगस्टीनचा दाखला देऊन बजावतात की मिरवण्याची हौस केवळ झगमगाटातच नव्हे, तर मळकट, शोकाच्या वेषातही वास करू शकते. आणि देवाच्या सेवेचे नाव घेऊन येते म्हणून तिथे ती अधिकच फसवी असते. सेमिनरीत हे वाचताना आमच्यासमोर चिंध्या पांघरणारे ढोंगी साधू येत. आपल्या भिंतीवरचे सूप त्यांच्याच पंगतीत बसेल, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

तर मग खऱ्या साधेपणाचे घर कोठे पाहावे? त्यासाठी परदेशी चित्रे चाळण्याची गरज नाही. नागपूर ओलांडून वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेले की पुरे. गांधीजी 1936 साली तिथे राहावयास आले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. पुढे ‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्ध पावलेली झोपडी मुळात मीराबहेन यांची. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या या कन्येने माती, बांबू, लाकूड आणि कवेले या भोवतालच्याच साहित्यातून ती उभारली. तीत सजावट मुळीच नाही असे समजू नका. मीराबहेन यांनी मातीच्या भिंतीवर हातांनी ताडाची झाडे आणि चरखा उठावात साकारला आहे. मात्र ती चित्रे बाहेरून आणून टांगलेली नाहीत. ज्या मातीने भिंत लिंपली तिच्यातूनच ती उगवली आहेत, आणि ज्या हातांनी लिंपली त्याच हातांची आहेत. आम्हांस वाटते, ऊब म्हणतात ती हीच.

1978 साली इव्हान इलिच हे विचारवंत या कुटीत येऊन बसले होते. ते मूळचे कॅथलिक धर्मगुरू. पुढे त्यांनी धर्मगुरुपदाचे काम सोडले, परंतु ख्रिस्ती चिंतन सोडले नाही. कुटीतल्या वस्तूंकडे त्यांचे लक्ष फारसे गेलेच नाही. त्यांनी मोजल्या त्या जागा. वहाणा काढून मन स्थिर करण्याची जागा, सर्वांनी एकत्र बसण्याची जागा, काम करण्याची जागा, पाहुण्याची जागा, आजाऱ्याची जागा, मोकळी पडवी, न्हाणीघर. सामान साठवण्याची वास्तू वेगळी आणि माणसाचे घर वेगळे, हे त्यांना तिथे उमगले. वाचकहो, आपल्या घरात पाहुण्याची जागा कोणती आणि आजाऱ्याची कोणती? शोकेसची जागा आपणांस चटकन सांगता येईल.

पोप फ्रान्सिस 2013 साली निवडून आले, तेव्हा त्यांनी राजप्रासादातील दालनांऐवजी सांता मार्ता या अतिथिगृहात राहणे पसंत केले आणि 2025 मध्ये आपल्या निधनापर्यंत ते तिथेच राहिले. जगाने त्यांच्या साधेपणाची वाखाणणी केली. त्यांनी स्वतः मात्र निराळेच कारण दिले होते. प्रासादातील निवास काही ऐषारामी नाही, तो प्रशस्त आहे; परंतु त्याचे दार अरुंद, माणसे थेंबाथेंबाने आत येतात, आणि आपल्याला तर माणसांवाचून राहवत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांच्याच ‘लाउदातो सी’ या 2015 च्या परिपत्रकात, बाहेरून पडझड झालेल्या वस्त्यांतही आपल्या घराचे अंतरंग मायेने जपणाऱ्या गरिबांचा गौरव आहे. तेव्हा घर सजवणे हे पाप नव्हे. ज्या परमेश्वराने सृष्टी निर्माण करून ती चांगली आहे असे पाहिले, त्याची लेकरे आपले घर सुंदर करू इच्छितात, यात नवल ते काय?

प्रश्न आहे तो सौंदर्याच्या मोबदल्याचा. संदेष्टा यिर्मया राजा यहोयाकीमवर कडाडतो, तो त्याने घराला गंधसरूच्या फळ्या मारल्या आणि हिंगुळाचा रंग दिला एवढ्यासाठीच नव्हे. तर बांधणाऱ्यांची मजुरी बुडवून हे सारे केले म्हणून. आणि संदेष्टा त्याला ज्या पित्याची, योशियाची, आठवण देतो, तो काही उपाशी बैरागी नव्हता. तोही खात-पीत असे. मात्र गरीब-दुबळ्यांना न्याय देत असे. परमेश्वराला ओळखणे ते हेच, असे यिर्मयाचे सांगणे आहे. म्हणून घराची सजावट पाहताना रंगापूर्वी मजुरीचा विचार करावा. आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. या गावाच्या नावाचा उगमही पितळी भांड्यालाच वाचक असलेल्या ‘भाणा’ या शब्दाशी जोडला जातो. मोहाडी परिसरातील विणकरांची करवती काठाची टसर सर्वदूर वाखाणली जाते. गावोगावी बुरड आहेत, कुंभार आहेत. त्यांच्याकडून घासाघीस न करता एक वस्तू घ्यावी आणि ती वापरावी. पितळेच्या तांब्यातून पाहुण्याला पाणी द्यावे, सुपात तांदूळ पाखडावेत, माठातले पाणी प्यावे. वापराने झिजलेली वस्तू घराची होते. खिळ्याला टांगलेली वस्तू पाहुणीच राहते.

एवढ्या विचारानंतर आमच्यापुरते आम्हांस जे उमगले ते असे. घर सजवणे म्हणजे अजून न आलेल्या माणसाचे आधीच केलेले स्वागत होय. संयम म्हणजे कमी वस्तू मांडणे नव्हे. माणसासाठी जागा शिल्लक ठेवणे होय. ज्या सजावटीत घरच्या म्हाताऱ्याची बाज बसत नाही, ती कितीही साधी दिसली तरी साधी नव्हे. रंगाचे तेवढे तिने ऐकले आणि बापाचे ऐकले नाही. जक्कयाच्या घरी प्रभू येशू गेला, ते घर काही साधे नसणार. तो जकातदारांचा मुख्य आणि श्रीमंत होता. परंतु अर्धी मालमत्ता गरिबांना देईन असे तो उभा राहून म्हणाला, तेव्हा त्या घराला तारण लाभले. भिंती त्याच होत्या, दार मोठे झाले होते.

त्या मुलाला आम्ही उपदेश केला नाही. पितृप्रेमाने बांधलेल्या घरात पहिल्याच दिवशी दोष दाखवणे आम्हांस जमले नाही, आणि कोऱ्या सुपाच्या मालकाला तो अधिकारही नव्हता. पावसाळ्यात म्हातारबांना ताप आला, तेव्हा आम्ही त्यांना प्रभुभोजन देण्यास गेलो. मुलगा सुटी काढून आला होता. म्हातारबा सपरीत निजले होते, आपल्याच बाजेवर. पायथ्याशी शेजारचे दोघे शेतकरी टेकून रोवणीच्या गोष्टी करीत होते. पांढऱ्या भिंती आणि तपकिरी लाकूड यांच्यामध्ये ती निळी पट्टी अगदी विजोड दिसत होती. मुलाने आमची नजर ओळखली. “बाबांना आतल्या पलंगावर झोपच येत नव्हती,” तो खाली पाहत म्हणाला. मग त्याने बाजेच्या कडेला आमच्यासाठीही थोडी जागा केली.

आम्ही बसलो. घरी परतल्यावर पहिले काम केले ते खिळ्यावरचे सूप उतरवण्याचे. ते आता त्या वृद्ध विधवेच्या घरी आहे. भिंत पुन्हा ओकीबोकी दिसते, आणि दिसू द्यावी असे आम्ही ठरवले आहे.