साहेबांनी जाब कोणाला द्यायचा?

आणीबाणीत आकाशवाणीच्या बातम्यांवर कात्री चालत होती, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी शोधली जाई. बीबीसीचे दिल्लीतले प्रतिनिधी मार्क टली यांना देश सोडावा लागला, त्याने तर या संस्थेवरचा विश्वास वाढलाच. त्या खरखरीत कान देऊन बसलेल्यांपैकी क्वचितच कोणाला पडला असेल असा एक प्रश्न आहे: ही संस्था चुकली, तर तिचे साहेब कोणाला जाब देतात? खुद्द बीबीसीलाही तो नीट पडायला बरीच वर्षं लागली.

पहिले साहेब जॉन रीथ. १९२६ च्या सार्वत्रिक संपात चर्चिल यांना बीबीसी सरकारच्या ताब्यात हवी होती. रीथ यांनी ती वाचवली, पण फुकटात नाही. मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांना संपाच्या काळात मायक्रोफोन मिळाला नाही आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांचं समेटाचं आवाहनही आधी अडवलं गेलं. सरकार आपल्यावर भरवसा ठेवू शकतं, अशा अर्थाची नोंद रीथ यांच्या रोजनिशीत आहे. म्हणजे विश्वास होता, पण तो वरच्यांचा. पुढच्याच वर्षी राजसनद मिळून महामंडळ झालं. श्रोत्यांचं हित गव्हर्नर मंडळाने पाहायचं आणि श्रोत्यांनी ऐकायचं, अशी ती वाटणी.

ही वाटणी किती पोकळ होती ते जानेवारी १९८७ मध्ये दिसलं. सरकारशी अनेक खटके उडाल्यानंतर महासंचालक अ‍ॅलस्डेर मिल्न यांना गव्हर्नरांनी घरचा रस्ता दाखवला. कारण म्हणून ‘वैयक्तिक’ असा शब्द वापरला गेला. बीबीसीसाठी परवाना शुल्क भरणाऱ्या माणसाला खरं कारण सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

२००४ चं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. २९ मे २००३ रोजी सकाळी ६ वाजून ७ मिनिटांनी वार्ताहर अँड्र्यू गिलिगन घरूनच बीबीसी रेडिओच्या ‘टुडे’ कार्यक्रमात थेट बोलले. इराकच्या शस्त्रांबद्दलच्या कागदपत्रात घातलेली माहिती चुकीची आहे हे सरकारला बहुधा आधीच ठाऊक होतं, असं ते म्हणाले. लिहून, तपासून घेतलेलं वाक्य ते नव्हतंच. सरकार खवळलं, आणि महासंचालक ग्रेग डाइक यांच्यासह सगळे वरिष्ठ वार्ताहराच्या पाठीशी उभे राहिले. पाठीशी उभं राहण्याआधी त्याच्या टिपणांवर बारकाईने नजर टाकावी, हे मात्र राहून गेलं. बातमीचे स्रोत असलेल्या डॉ. डेव्हिड केली यांच्या मृत्यूनंतर झालेल्या हटन चौकशीत बीबीसीला दोष दिला गेला आणि अध्यक्ष गॅव्हिन डेव्हिस व डाइक दोघेही गेले. कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून डाइक यांच्या समर्थनार्थ वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. मला त्या कर्मचाऱ्यांबद्दल आदर आहे. इराकमध्ये ती शस्त्रं सापडली नाहीत, हेही खरंच. पण आपल्या माणसाची बाजू घेणं आणि त्याचं काम तपासणं यांत त्यांच्या साहेबांनी गल्लत केली होती, हे त्याने झाकलं जात नाही.

पुढे महासंचालक झाले जॉर्ज एन्ट्विसल. डिसेंबर २०११ मध्ये, ते दूरदर्शन विभागाचे प्रमुख असताना, एका पुरस्कार समारंभाच्या जेवणाच्या वेळी वृत्तविभागाच्या प्रमुखांनी त्यांच्या कानावर घातलं की बीबीसीचाच ‘न्यूजनाइट’ कार्यक्रम दिवंगत सूत्रसंचालक जिमी सॅव्हिलची चौकशी करतोय. संभाषण जेमतेम दहा सेकंदांचं. चौकशी कशाची, एवढंही त्यांनी विचारलं नाही. नाताळात सॅव्हिलच्या गौरवाचे कार्यक्रम दाखवले गेले आणि त्याने केलेले लैंगिक अत्याचार पुढच्या वर्षी दुसऱ्याच वाहिनीने उघड केले. त्यानंतर ‘न्यूजनाइट’ने एका निर्दोष राजकारण्यावर, नाव न घेता, बालशोषणाचा संशय ओढवला. १० नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी जॉन हम्फ्रीज यांनी ‘टुडे’मध्ये महासंचालकांना फैलावर घेतलं. कार्यक्रम पाहिला होता? नाही. आधी कोणी सांगितलं? नाही. आदल्या दिवशीच्या ‘गार्डियन’ची पहिल्या पानावरची बातमी? तीही वाचली नव्हती. संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. पदावर आल्याला ५४ दिवस झाले होते.

राजीनामा गाजला, सोबत मिळालेले साडेचार लाख पौंड त्याहून गाजले. माझ्या मते त्या दिवशीची मोठी घटना मात्र सकाळचीच. संस्थेच्याच स्टुडिओत संस्थेच्या प्रमुखाची उलटतपासणी झाली, आणि ती ऐकायला पैसे भरणारा श्रोता हजर होता. प्रसार भारतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची अशी हजेरी आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांत कल्पून पाहावी. प्रसार भारतीला स्वायत्तता देणारा १९९० चा कायदा १९९७ मध्ये लागू झाला, तरी आपल्याकडे पैशांसाठी मंत्रालयाचंच दार वाजवावं लागतं.

९ नोव्हेंबर २०२५ रोजी बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे जाहीर केले. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने ट्रम्प यांच्या भाषणातले ५० मिनिटांहून जास्त अंतरावरचे दोन तुकडे सलग वाटावेत असे जोडले होते. बीबीसीच्या अंतर्गत समितीत त्याची चर्चा त्याआधी अनेक महिने झाली होती. बाहेर सांगावंसं मात्र कोणाला वाटलं नाही. त्याबद्दलचं अंतर्गत टिपण फुटलं, वर्तमानपत्रात आलं, राजीनामे पडले. अध्यक्ष समीर शाह यांची दिलगिरी संसदीय समितीला लिहिलेल्या पत्रातून आली, आणि नंतर एक पत्र व्हाइट हाउसलाही गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो कार्यक्रम पाहिलेल्या, तेव्हा वर्षाला १६९.५० पौंड भरणाऱ्या प्रेक्षकापर्यंत दुरुस्ती पोचायला वर्ष उलटलं.